दाराजवळची मानाची जागा

नम्रता हा सर्व सद्गुणांत श्रेष्ठ सद्गुण आहे आणि त्याची अडचण एकच आहे, ती म्हणजे तो कुणीतरी पाहावा लागतो. प्रामाणिक माणूस अंधारातही प्रामाणिक राहू शकतो. शूर माणूस डोंगरात एकट्यानं लांडग्यासमोर उभा राहू शकतो. पण रिकाम्या खोलीत नम्र होऊन दाखवा बरं. वाकणार कुणापुढे, कपाटापुढे? म्हणून नम्रतेला मंडळी लागते, मंडळीला बसायला जागा लागते, आणि जागा म्हटली की कुणी कुठं बसायचं हे आलंच.

सारी-आर्चा गावच्या ख्रिस्ती मंडळीत हे सगळं आलं, आणि चांगलं वाजतगाजत आलं.

किरगीज मुलुखातल्या इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या या गावात मंडळी भरते ती एका लांबट खोलीत. आधी प्रार्थना, मग जमिनीवर दस्तरखान पसरून जेवण. दारासमोरच्या भिंतीला टेकून बसायची जागा म्हणजे त्योर. तिथं सगळ्यात मानाचं माणूस बसणार, आणि तिथून मान उतरत उतरत दारापर्यंत येणार, जिथं फक्त वारा, बूट आणि चहा ओतणारी बाई असते. जेवणाची प्रार्थना त्योरवरचं माणूस म्हणतं. त्यानं तळवे उघडून आमेन म्हटल्याशिवाय कुणी पावाचा तुकडाही मोडत नाही. चहाचा प्याला नेहमी अर्धा भरायचा, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा मागता येतो. काठोकाठ भरलेला प्याला पुढे केला तर त्याचा अर्थ, आता उठा. (हे कुठंही लिहिलेलं नाही, त्यामुळे सगळे पाळतात.)

दाराजवळ, सामोवार म्हणजे चहाच्या बंबाच्या उजव्या हाताला, बुरुल-एजे बसायची (एजे म्हणजे ताई). वय अठ्ठावन्न, जर्दाळूची पाच झाडं, एक दुखरा गुडघा. एकोणीस वर्षं ती तिथंच बसत आली होती. तिथून तिला सगळं दिसायचं. कोण आलं, कोण रडून आलं, कुणाच्या बुटाचा तळ सुटलाय. सुटलेल्या तळाचे बूट घरी जाताना शिवलेले निघायचे आणि कुणी तिला विचारायचं नाही, कारण बूट आपोआप शिवले जात नाहीत हे फारसं कुणाच्या लक्षात येत नसे.

मागच्या उन्हाळ्यात पाळक इशेनबाय यांनी मीखा संदेष्ट्यावर उपदेश केला. देवाला माणसाकडून तीनच गोष्टी हव्यात, ते म्हणाले. न्यायानं वागा, दयेची गोडी लागू द्या, आणि देवाबरोबर चालताना मान ताठ ठेवू नका. मंडळी हेलावली. तीन गोष्टी म्हणजे काही जास्त नाहीत. लगेच तीन विभाग स्थापन झाले. नम्रता विभागाचे प्रमुख म्हणून तोक्तोसून-आके (आके म्हणजे दादा) एकमतानं निवडले गेले. जिल्हा कचेरीत एकतीस वर्षं आकडेवारी लिहिल्यामुळे न मोजता येणारी गोष्ट त्यांना बघवत नसे. त्यांनी चार वेळा नकार दिला. (तीन नकार पुरेसे होते. चौथा त्यांनी स्वखुशीनं दिला.)

मग ठरलं की ती तीन कलमं एका पाटीवर लिहून प्रार्थनाघराच्या दारावर लावायची. पाटी लोखंडी पत्र्याची हवी, कारण कापडाचं वाऱ्यापुढे काही चालत नाही. तीन मीटर बाय दोन मीटरची पाटी शहरातून रंगवून आली, निळ्यावर पिवळी अक्षरं, कासिमाली-आकेच्या जुन्या ट्रकमधून.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. ट्रक वळवायला ओढ्यापलीकडच्या गल्लीत मागे घ्यायचा होता. मागून बघून "ये, ये" म्हणायला सहा पुरुष हजर होते, पण पाटीचं जड टोक कुणी उचलायचं यावर त्यांच्यात वाद लागला होता. प्रत्येकाला ते स्वतःलाच हवं होतं. बुरुल अंगणातून ओरडली, थांबा. कुणी ऐकलं नाही. ट्रक थांबला तो कलिचा-अपाच्या मागच्या भिंतीला लागून. धुराडं छताला भोक पाडत खाली आलं, भिंतीतली विटांची मोठी चूल मधोमध तडकली, आणि पाटीला मात्र ओरखडाही गेला नाही, ज्याबद्दल त्याच जागी देवाचे आभार मानण्यात आले.

कलिचा-अपा म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी ख्रिस्ती बाई. वय एक्याऐंशी, गाय एक, दात त्याहून थोडे जास्त. त्या चुलीवर ती स्वयंपाक करायची, त्याच चुलीच्या भिंतीला पाठ लावून हिवाळा काढायची. पाऊस-बर्फाला अजून दोन महिने होते.

प्रकरण न्याय विभागाकडे गेलं. चूक कुणाची, असं विभागानं पुढच्या रविवारी उभं राहून विचारलं, आणि खोलीत एकदम हालचाल झाली. मंडळी नम्र होती. "चूक माझी," पहिला भाऊ म्हणाला. दुसरा म्हणाला, छे, माझी, मीच जड टोक मागत होतो. तिसऱ्यानं सांगितलं की तो त्या दिवशी गावात नव्हता, आणि नेमकी हीच त्याची चूक. असे अकरा जण निघाले. एका बहिणीला कबूल करताना हुंदका आला, तर तिच्यानंतरच्या तिघांनाही आला.

कासिमाली-आके तेवढा रांगेत आला नाही. एवढ्या भावांना पापी म्हणवून घ्यायची संधी मिळत असताना आपण मध्ये घुसणं त्याला बरं दिसेना. तो दस्तरखानावरचे चुरे गोळा करत बसला.

विभागानं हिशोब मांडला. चूल एकशे चाळीस विटांची, दोषी अकरा. म्हणजे माणशी बारा विटा आणि वर पाऊण विटेला थोडी कमी. बारांचं काही नव्हतं. पण ती पाऊण विटेला थोडी कमी असलेली वीट नेमकी कुठं फोडायची यावर उपसमिती नेमण्यात आली, आणि उपसमितीचं म्हणणं पडलं की न्यायात घाई नको.

मधल्या काळात दया विभाग स्वस्थ बसला नव्हता. गुलसुन-एजे या विभागाच्या प्रमुख, फार मऊ मनाच्या. कोंबडी कापताना त्या डोळे मिटून घेत, त्यामुळे कोंबडीला जरा जास्त वेळ लागे. दया गुप्त हवी, उजव्या हाताचं डाव्याला कळता कामा नये, असं त्यांनी ठरावात घातलं. जो कुणी कलिचा-अपाची चूल बांधेल त्यानं ती कुणालाही न कळता बांधावी. सहा आठवडे झाले. चूल बांधताना कुणीही कुणाच्याही नजरेस पडलं नाही. तेव्हा विभागाच्या वहीत नोंद झाली: गुप्ततेचं पालन, शंभर टक्के.

बुरुल जात होती, रोज. ओढ्याच्या पलीकडं, पाव घेऊन, आणि छताच्या भोकावर ठोकायला लोकरीचा जाड नमदा घेऊन. माझ्याकडे चल म्हणाली तर म्हातारी म्हणाली गायीला कोण बघणार, आणि तुझ्याकडे गाय आणली तर तुला कोण बघणार.

"चांगलं चाललंय माझं," कलिचा-अपा म्हणाली. "आधी देवाला शोधायला डोळे मिटावे लागायचे. आता पडल्या पडल्या वर बघितलं की झालं."

"थंडी वाजते का, अपा?"

"मला नाही वाजत. त्या नमद्याला वाजते, बघ कसा हलतोय."

विटा एकटी बुरुलसुद्धा वाहून नेऊ शकली असती, दोन महिने लागले असते एवढंच. पण चूल रचायला दोन जाणते हात हवेत, चिखल तुडवायला पाय हवेत, आणि धुराड्याला पत्रा हवा, जो साऱ्या गावात कुणाच्या घरी नव्हता. ती पाळकांकडे गेली. पाळक इशेनबाय यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तिचा विषय तिन्ही विभागांकडे पाठवला.

आणि याच सुमारास तिची जागा गेली.

त्याचं असं झालं. तोक्तोसून-आकेंनी मोजायला सुरुवात केली. मेजवानीत खालच्या जागेवर बसावं, ही येशूची शिकवण सगळ्यांना पाठ होती. ती कुठपर्यंत पाळली जाते हे टेपनं मोजायचं, एवढीच त्यांची भर. दारापासून प्रत्येकाचं अंतर ते दर रविवारी वहीत लिहू लागले. ऑगस्टमध्ये मंडळीची सरासरी नम्रता चार मीटर दहा सेंटिमीटर होती. सप्टेंबरअखेर ती दोन मीटरवर आली. ऑक्टोबरच्या मध्याला त्रेचाळीसपैकी एकतीस जण दारापासून हाताच्या अंतरावर होते, त्यातले काही एकमेकांच्या मांडीवर. त्योर ओस पडली. एक भाऊ तर उंबऱ्याबाहेर बुटांवरच जाऊन बसला. त्या रविवारी सगळे हळहळले, आपल्याला कसं सुचलं नाही. पुढच्या रविवारी बुटांवर सात जण होते. बूट चेपायला लागले, तेव्हा नाइलाजानं बूट उचलून आत नेले आणि मोकळी जागा होती तिथं मांडून ठेवले, म्हणजे त्योरवर. मऊ गाद्यांवर, भिंतीला टेकून, त्रेचाळीस जोड.

या चढाओढीत सामोवारच्या उजव्या हाताची जागा म्हणजे सोनं. तिथं बसलेला माणूस नुसता खालीच बसत नाही, तर वारासुद्धा खातो. एके दिवशी बुरुल आली तर तिच्या जागी तोक्तोसून-आके.

"एजे," ते हात छातीवर ठेवून म्हणाले, "या जागेचं ओझं इतकी वर्षं तुम्ही एकट्यानं वाहिलंत. आता आम्हाला वाहू द्या."

"चहा कोण ओतणार, आके?"

"नम्रता असली की तहान लागत नाही."

तिनं इकडेतिकडे बघितलं. खोलीत एकच जागा रिकामी होती. ती माणसं ओलांडत, गुडघा सांभाळत गेली आणि त्योरवर बुटांशेजारी बसली. आणि तिथं, आयुष्यात पहिल्यांदा गादीला टेकून बसल्यावर, तिला असा राग आला की तिचे कान तापले. एकोणीस वर्षं आपण सगळ्यांच्या खाली बसतो, याचा आपल्याला केवढा गर्व होता, हे तिला त्या क्षणी कळलं. तोक्तोसून-आकेंनी चोरी केली होती खरी, पण चोरीला गेलेली वस्तू काही फार स्वच्छ नव्हती. मग तिला थोडं हसू आलं. तिनं शेजारच्या बुटाचा तळ उचलून बघितला. सुटला होता. तिनं पिशवीतून सुई काढली.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शहरातून मंडळीसंघाचे तीन पाहुणे येणार होते. न्याय, दया, नम्रता यांचं आचरण करणारी आदर्श मंडळी निवडायची होती, आणि सारी-आर्चाचे आकडे शहरात पोचले होते. मेंढी कापली गेली. मांस चार तास शिजलं. डोंगरावर बर्फ खाली उतरत उतरत मेंढपाळांच्या वाटेपर्यंत आला होता, आणि सकाळी कलिचा-अपाच्या घरात बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला होता. बुरुलनं तो मुठीनं फोडला आणि ती प्रार्थनाघरात आली.

पाहुणे आले ते बाहेरच उभे राहिले, कारण दार उघडेना. आतून मंडळी इतकी खालच्या जागेवर बसली होती की दाराला फिरायला वाव नव्हता. शेवटी त्यांना खिडकीतून घेतलं. आत आल्यावर पाळकांनी त्यांना त्योरवर चला म्हटलं, पण ते संघाचे लोक, पदानुसार नम्र. ते खाली मान घालून थेट दारापाशी घुसले. एक पाहुणा तर गर्दीत असा नाहीसा झाला की जेवणापर्यंत त्याचा फक्त टायच दिसत होता.

मांसाचं मोठं ताट आलं, वाफा निघत होत्या. पाव आला, पिठाचे तळलेले बोरसोक आले. सगळ्यांनी तळवे उघडले आणि वाट बघू लागले. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं की जेवणाची प्रार्थना त्योरवरचं माणूस म्हणतं. सगळ्यांनी तिकडे बघितलं. तिकडे बूट होते आणि बुरुल होती.

पाळक इशेनबाय हळूच म्हणाले, "एजे, म्हणा."

बुरुलनं तळवे उघडले. "देवा, हे अन्न तू दिलंस, उपकार झाले," ती म्हणाली. "कलिचा-अपाच्या चुलीला तू बघतोयस. आम्हीही बघतोय." आणि ती थांबली.

आमेन आलं नाही. मंडळी थांबली. मांसाच्या वाफा कमी झाल्या.

"आमेन राहिलं, एजे," तोक्तोसून-आके दारापासून म्हणाले.

"राहू दे. चूल झाली की म्हणते."

आता काय करणार? त्योरवरच्या माणसाला कुणी टोकत नाही, असा रिवाज. त्याच्याआधी कुणी खात नाही, असाही रिवाज. उठून तिच्या शेजारी बसावं आणि आपण आमेन म्हणावं, तर ते वरच्या जागेवर बसणं झालं, आणि तेही पाहुण्यांदेखत. चाळीसएक माणसं आपापल्या नम्रतेत अडकून पडली होती. उपसमितीनं सांगायचा प्रयत्न केला की पाऊण विटेचा अहवाल जवळजवळ तयार आहे.

"सामोवार इकडे द्या," बुरुल म्हणाली.

सामोवार हातोहात वर गेला. तिनं प्याले मांडले आणि ओतायला घेतलं. पहिला प्याला अर्धा झाला, तरी ती ओतत राहिली. पाऊण झाला. काठाला लागला, काठावर थरथरला, तेव्हा तिनं हात आखडता घेतला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. सगळे भरलेले प्याले एकमेकांच्या हातून दारापर्यंत पोचले, आणि प्रत्येकजण आपल्या प्याल्याकडे अशी नजर लावून बसला, जशी लोक डॉक्टरच्या कागदाकडे लावतात. शहरातले पाहुणेही किरगीजच होते, त्यांनाही कळलं.

पहिला उठला तो कासिमाली-आके. प्याला सांडू न देता त्यानं खाली ठेवला. त्याचं तोंड लाल झालं होतं.

"गाडी मी मागे घेतली," तो म्हणाला. "आरशात बघितलं नाही. पाटी कशी दिसते ते बघत होतो."

अकरा दोषींना एकदम मोकळं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

मग बाकीचे उठले. बूट घालायला सगळ्यांना त्योरपर्यंत जावं लागलं. तळ शिवलेले बघून दोघं-तिघं थबकले. ओढ्यापलीकडं पोचल्यावर कासिमाली-आके म्हातारीसमोर उभा राहिला आणि तेच पुन्हा म्हणाला, यावेळी टोपी काढून.

"ठाऊक आहे," कलिचा-अपा म्हणाली. "मी घरातच होते रे. दोन महिने वाट बघतेय. एवढ्या लोकांनी चूक माझी म्हटलं म्हणे, पण त्यातल्या एकाकडे तरी ट्रक आहे का?"

"मग बोलली का नाहीस, अपा?"

"तू बोलशील असं वाटलं होतं. ये, आत ये. डोकं सांभाळ म्हणाले असते, पण वर काही उरलं नाही."

काम सुरू झालं आणि फार वेगानं झालं, कारण चिखल तुडवणं हे सगळ्यात खालचं काम, आणि तोक्तोसून-आकेंनी चिखल कालवायच्या आतच पँट वर खोचली होती. त्यांच्यामागून नऊ जण चिखलात उतरले. एवढा चिखल झाला की तीन चुली झाल्या असत्या. विटा कासिमाली-आकेनं स्वतःच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून काढून आणल्या. एकशे चाळीस भरल्या, एकही फोडावी लागली नाही. गुलसुन-एजे डोळे उघडे ठेवून विटा देत होत्या. दोन पाहुणे भिंत लिंपत होते, तिसरा टायनं घाम पुसत होता.

राहता राहिला पत्रा.

गावात पत्रा एकच होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळक इशेनबाय यांनी एकदा प्रार्थनाघराकडे बघितलं, एकदा छताच्या भोकाकडे. मग कात्री मागितली. पाटी कापून, अक्षरं आत घेऊन गुंडाळी केली. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं की अक्षरं बाहेर नकोत का, लोकांना वाचता येतील. कलिचा-अपा म्हणाली, "लोकांना पाठ आहेत. धुराला शिकू दे."

उन्हं उतरायच्या आत धूर निघाला. बुरुलनं अंगणात उभं राहून तळवे उघडले आणि राहिलेलं आमेन म्हटलं. ते मंडळीच्या इतिहासातलं सगळ्यात लांबलेलं आमेन ठरलं, साडेपाच तासांचं. गार झालेलं मांस त्याच चुलीवर गरम झालं, आणि सगळे कसेही बसले. कुणी मोजलं नाही, कारण टेप चिखलात गेली होती.

आदर्श मंडळीचा मान दुसऱ्या गावाला मिळाला. तिथली आकडेवारी पूर्ण होती. पाटी आजही आहे. तिन्ही कलमं धुराड्याच्या आत आहेत, काजळीनं काळी, कुणालाच दिसत नाहीत, आणि हे गुप्ततेच्या ठरावात बसतं अशी नोंद गुलसुन-एजेंनी घेतली आहे. बुरुल पुन्हा दाराजवळ बसते. तोक्तोसून-आके तिच्या शेजारी बसतात आणि प्याले विसळतात. बरे विसळतात.

आता तुम्ही. तुम्ही एवढं सगळं हसत वाचलंत. तोक्तोसून-आके वाचताना तुम्हाला तुमचा शेजारी आठवला, गुलसुन-एजे वाचताना नात्यातली कुणी, आणि जो आरशात न बघता गाडी मागे घेतो तो तर ऑफिसातलाच. एवढ्या माणसांत स्वतःचं नाव एकदाही आठवलं नाही. (एवढी नम्रता सारी-आर्चातसुद्धा नव्हती.) आणि ओढ्यापलीकडं कुणाची चूल तडकलीय, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

घ्या, चहा घ्या. सांभाळून, प्याला काठोकाठ आहे.